चिखलमावशीचा हौद

चिखलमावशीबद्दल लिहायला बसले की पहिलं वाक्य दर वेळी तेच येतं. म्हणून ते आधीच लिहून मोकळी होते. तिच्या मुलीच्या मरणाला मी कारण झाले. एकटी मीच नाही, पण मीही. असं कोणी कागदावर लिहिलं नाही, तोंडावर बोललं नाही, मावशी तर कधीच नाही. तरी ते आहे.

आमचा कारखाना कपबशांचा. लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला माती कालवायची, मग साच्यांची रांग, मग कपाला कान जोडणाऱ्या बायकांची बाकं, मग वाळवणीच्या फळ्या, मग ग्लेझचा, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप चढवायचा विभाग आणि शेवटी भट्टी. भट्टीत गेलेला कप फुटला तर तो फेकायचा. आत इतक्या आचेनं मातीतलं, तिच्या अंगात मुरलेलं पाणीसुद्धा निघून जातं आणि मग तुम्ही ती वर्षभर पाण्यात ठेवा, माती काही परत होत नाही. पण भट्टीआधी जे मोडतं ते वाया जात नाही. कान निखळलेले, काठाला तडा गेलेले, साच्यातून वाकडेच निघालेले, शिवाय कापताना पडलेली कात्रणं, सगळं टबांत भरून मागच्या खोलीत जायचं. त्या खोलीला भिजवणखोली म्हणायचे. तिथे सिमेंटचे तीन हौद, एक खिडकी, मागच्या अंगणात उघडणारं दार आणि चिखलमावशी.

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मावशीला त्या खोलीत एकोणीस वर्षं झाली होती. ठेंगणी, खांद्यांनी रुंद. कोपरापर्यंत हात कायम पांढरे. हात धुऊन डबा उघडायची तरी बोटांच्या भेगांत माती राहायचीच. हे नाव कोणी पाडलं ते तिलाही आठवत नव्हतं. "लग्नाआधीचं नाव वेगळं, लग्नानंतरचं वेगळं, आणि हे तिसरं. तिसरंच टिकलं," असं म्हणायची. नवरा बारकी तीन वर्षांची असताना काम शोधायला म्हणून बाहेर पडला, तो गेलाच. बारकी म्हणजे मुलगी. अंगानं बारीक म्हणून बारकी. तिला त्या नावाचा राग नव्हता. ती कान जोडायच्या बाकावर बसायची आणि कारखान्यात कोणाचीही नक्कल करायची. मॅनेजरांची तर अशी करायची, की एकदा ते स्वतः मागे उभे राहून ऐकत होते आणि बायकांना कळेना, आवाज पुढून येतोय की मागून.

पहिल्याच आठवड्यात मी मावशीच्या खोलीत माझी अक्कल दाखवली. ती अंगणात फळ्यांवर अर्धवट ओल्या मातीचे तुकडे उन्हात पसरत होती. मी विचारलं, "मावशी, ही माती ओलीच आहे की. शेवटी भिजवायचीच तर आधी वाळवता कशाला? असंच पाणी घाला, वेळ वाचेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हात झटकले आणि म्हणाली, "या मॅडम, आत या."

तिनं काचेचे दोन ग्लास घेतले. दोन्हींत पाणी. एकात अर्धवट ओला तुकडा टाकला. दुसऱ्यासाठी एक तुकडा उचलून आधी गालाला लावला. "गार लागला तर आत ओल आहे. हा गार नाही." तो टाकला. टाकल्याबरोबर त्यातून बुडबुडे निघायला लागले, बारीक फुसफुस आवाज यायला लागला, कडा सुटल्या, पापुद्रे ओघळले आणि आम्ही चहा संपवतो तोवर ग्लासाच्या तळाशी मऊ ढीग होता. पहिला तुकडा तसाच, जागच्या जागी. वरून नुसता बुळबुळीत झालेला. मावशीनं तो नखानं खरवडून दाखवला. आत जसाच्या तसा घट्ट.

"एकोणीस वर्षं बघतेय," ती म्हणाली. "का होतं ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या."

मला कारण माहीत होतं, डोळ्यांनी मात्र ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मी सांगितलं. माती म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या चपट्या चकत्या, एकावर एक पडलेल्या. ओल असते तेव्हा दोन चकत्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून त्या एकमेकींवरून सरकतात आणि माती हवी तशी वळते. पाणी गेलं की चकत्या जवळ येतात, माती आकसते, कडक होते. पण पूर्ण वाळलेल्या तुकड्याच्या आत सगळीकडे बारीक बारीक मोकळ्या वाटा राहतात, त्यांत हवा. असा तुकडा पाण्यात टाकला की पाणी चहूबाजूंनी त्या वाटांतून आत ओढलं जातं. आतली हवा मध्ये कोंडते, दाबली जाते आणि शेवटी तुकडा आतून फोडून बाहेर येते. तेच बुडबुडे. अर्धवट ओल्या तुकड्यात त्या वाटा आधीच पाण्यानं भरलेल्या. ओढायला काही नाही, कोंडायला हवा नाही. मग तो फुटणार कसा?

मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे जेवून उठलेल्याला वाढू नये, एवढंच ना? मग एवढं शिकायला तुम्हाला चार वर्षं का लागली?"

त्या दिवसापासून मी रोज दुपारचा डबा तिच्या खोलीत खायला लागले. तिच्याकडून बरंच शिकले. कोरडे तुकडे हौदात सोडले की त्यांना हात लावायचा नाही, ढवळायचं नाही, ढवळलं की विरायचं थांबतं. तीन दिवसांनी वरचं निवळ पाणी काढून टाकायचं. खालचा गारा प्लास्टरच्या लाद्यांवर पसरायचा, लादी जास्तीचं पाणी शोषून घेते. मग मळायची. आणि मळलेली माती लगेच द्यायची नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन महिने अंधारात ठेवायची. पाणी तुकड्यात शिरलं तरी प्रत्येक चकतीपाशी पोचायला त्याला वेळ लागतो. मावशी चकत्या म्हणायची नाही, ती म्हणायची, "मातीला समजायला वेळ लागतो." तिच्या हातच्या मातीचे कप फुटत नव्हते हे नोंदवहीत मी स्वतः पाहिलं होतं.

दीड वर्षानं मोठी मागणी आली. कोणत्या तरी हॉटेलांच्या साखळीला हजारोंनी कप हवे होते. साच्यांची रांग दोन पाळ्यांत चालायला लागली, मोडतोडही दुप्पट झाली आणि भिजवणखोलीच्या दाराबाहेर टबांची रांग लागली. मॅनेजरांनी मला बोलावलं. "तुमच्या मावशींच्या खोलीत सगळं अडकतंय. तीन दिवस काय, दोन महिने काय. मॅडम, तुम्ही विज्ञानवाल्या आहात, काही तरी करा."

मी केलं. हिशेब सोपा होता. तुकडा जितका लहान, तितकं पाणी लवकर आतपर्यंत पोचणार. सुकी माती दळून भुकटी केली तर तीन दिवसांचं काम तासाभराचं. मी दोन पानांचा कागद लिहिला, आकृती काढली, सुक्या मातीचा चुरा करणारं यंत्र सुचवलं. मॅनेजर खूश झाले. महिन्याभरात यंत्र आलं आणि भिजवणखोलीत खिडकीखाली बसलं.

मावशी यंत्राभोवती एक फेरी मारून आली. "भुकटी पाण्यात टाकली तर तिच्या गुठळ्या होतील," ती मला म्हणाली. "वरची भिजेल आणि आतलीला पाणी जाऊ देणार नाही. पिठाचं होतं तसं. मोठा तुकडाच बरा, तो आपला आपण फुटतो."

मी म्हटलं, "बघू तर."

तसंच झालं. पहिल्याच दिवशी हौदात भुकटी ओतली आणि पृष्ठभागावर चिखलाची साय धरली. खाली डोक्याएवढाल्या गुठळ्या, फोडल्या की आत कोरडं पीठ. तिथे मी थांबायला हवं होतं. मावशीसमोर मान्य करायला हवं होतं की बाई, तुमचं बरोबर, माझं चुकलं. तेवढंच वाक्य होतं. पण कागद माझ्या सहीचा होता, यंत्र आलेलं होतं आणि मी पंचवीस वर्षांची होते. मी दुसरा उपाय काढला. भुकटी एकदम ओतायची नाही, चाळणीनं हौदावर थोडी थोडी भुरभुरायची, दुसऱ्या हातानं ढवळायचं. गुठळ्या थांबल्या. पण आता एका माणसाला दिवसभर हौदावर वाकून, चाळणी हलवत, नाकासमोर पांढरा ढग घेऊन उभं राहायला लागणार होतं.

त्या कामाला बारकीला घ्या असं मीच सांगितलं. तिला वाचता यायचं, काटा बघता यायचा, हात चलाख होता. शिवाय यंत्रावरचं काम म्हणजे बढती होती. बारकी नाचतच आली. मावशीही खूश होती. "मशीनवर लागली माझी पोर," असं तिनं कान जोडणाऱ्या बायकांना दोनदा तरी सांगितलं. मायलेकी एका खोलीत, मी दुपारी डबा घेऊन तिथे. बारकी यंत्राच्या आवाजावर ओरडून माझी नक्कल करायची. "मावशी, हा तुकडा आहे ना, याच्या आत बारीक बारीक वाटा असतात..." आणि आम्ही तिघी हसायचो. बारकीच्या पापण्या पांढऱ्या असायच्या, भुवया पांढऱ्या. "म्हातारपणी कशी दिसेन ते आत्ताच बघून घ्या," ती म्हणायची.

दोन महिन्यांत ग्लेझ विभागाची तक्रार आली. भिजवणखोलीतली भुकटी उडून ओल्या ग्लेझवर बसते, भट्टीतून निघाल्यावर कपांवर ठिपके दिसतात. मॅनेजरांनी खिडकी बंद करून घेतली, पट्टी मारून. शेडच्या बाजूचं दारही. ढग आतच राहायला लागला. मी बारकीला नाकाला बांधायला कापडी पट्ट्या दिल्या. ती तासभर बांधायची, मग गळ्यात सोडायची. "मॅडम, याच्यात मला बोलता येत नाही," म्हणायची. आणि मी हसून सोडून द्यायचे. आमच्या मातीत चौथा हिस्सा गारगोटीचं पीठ असतं, कपाला ताठपणा यावा म्हणून घातलेलं. ते प्रमाण मीच रोज तपासत होते. त्या पिठाचं काय होतं हे कॉलेजच्या पुस्तकात अर्धं पान होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते वाचून सोडलं होतं.

यंत्र सहा वर्षं चाललं. पाचव्या वर्षी बारकी खोकायला लागली. कोरडा खोकला, थांबायचा नाही. मग ती बोलता बोलता मध्येच थांबायला लागली. आम्हाला वाटायचं, नकलेत गंमत आणायला थांबते. एकदा मॅनेजरांची नक्कल करताना तिनं "मॅडम, तुम्ही विज्ञानवाल्या" इतकंच म्हटलं आणि खाली बसली. उरलेलं वाक्य तिनं हातानं दाखवलं. बायका हसल्या. मावशी हसली नाही.

जवळच्या डॉक्टरांनी क्षय म्हणून औषधं सुरू केली. आठ महिने घेतली. थुंकीत काही सापडत नव्हतं, वजन मात्र उतरत होतं. बारकीचं ठरलेलं लग्न आधी पुढे ढकललं गेलं, मग त्याचं नावच कोणी काढेना. मुलगा आमच्याच भट्टीवर होता. तो मावशीला टाळून शेडच्या दुसऱ्या बाजूनं ये-जा करायला लागला.

शेवटी आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी, मावशी आणि बारकी. डॉक्टरीणबाईंनी छातीची फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "दगडाच्या खाणीत काम केलंय का?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "कपबशांच्या कारखान्यात. मातीत."

"सुकी माती? उडणारी?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो."

डॉक्टरीणबाईंनी बारकीला बाहेर बसवलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. अगदी बारीक गारगोटीची धूळ फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. शरीरातल्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. मग दुसऱ्या येतात, त्याही मरतात. जिथे जिथे असं होतं तिथे फुफ्फुस कडक होत जातं, व्रण धरतं. काम सोडलं तरी ते वाढत राहतं.

मावशीनं विचारलं, "औषध?"

"दम कमी लागेल असं काही देता येईल. बरं करणारं नाही."

बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर मावशीनं माझा दंड धरला. पहिल्यांदाच ती मला तू म्हणाली. "तू सांग. ती माती आहे ना शेवटी? पाण्यात विरते ना? छातीत पाणी घालून धुता नाही येणार?"

मी तिला सांगितलं की माती विरते, गारगोटी विरत नाही. आणि आता आत जे कडक झालंय ती माती नाहीच, तो बारकीच्याच मांसाचा व्रण आहे. तो कशानंच मऊ होत नाही. मावशी ऐकत होती, जशी त्या दिवशी दोन ग्लासांसमोर ऐकत होती, एकेक शब्द. मग तिनं माझा दंड सोडला.

त्याच सुमारास कारखान्यात यंत्र बंद झालं. बारकीमुळे नाही. त्या मातीचे कप कानापाशी तडकत होते, हॉटेलवाल्यांनी माल परत पाठवला होता. घाईनं भिजवलेल्या मातीला मुरायला वेळच मिळत नव्हता. मावशीनं सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच. मॅनेजर मला म्हणाले, "जाऊ द्या, प्रयोग होता तो." यंत्र दुसऱ्या एका कारखान्यानं नेलं. गेल्यावर मला कळलं. मी त्या कारखान्याला पत्र लिहिलं, सगळं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं नाही. आणखी एक पाठवलं. त्याचंही नाही.

बारकी त्यानंतर सव्वा वर्ष होती. दोन खोल्यांचं घर, पहिल्या मजल्यावर. ती जिना उतरू शकत नव्हती म्हणून खिडकीपाशी पलंग. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून पाठीशी उशा लावून रात्रंदिवस बसलेली. कोपऱ्यात प्राणवायूची टाकी. मावशी सकाळी तिचं सगळं करून कामावर यायची, दुपारी धावत घरी जायची, परत यायची. मी रविवारी जायचे. बारकी माझ्याशी चांगलं वागायची. तेच सोसायचं नाही.

एका रविवारी तिनं मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं का?" वाक्य तीन श्वासांत पुरं झालं.

मी म्हटलं, "पुस्तकात होतं. मी नीट वाचलं नव्हतं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, माहीत नसेल. तेच बरं होतं." आणि डोळे मिटून घेतले. झोपली होती की मी निघून जावं म्हणून, मला कळलं नाही. मी निघाले.

मावशी जिन्यात भेटली, हातात औषधांची पिशवी. मी तिथेच, पायरीवर उभी राहून बोलून टाकलं. यंत्र मी सुचवलं होतं, चाळणी मी सुचवली होती, बारकीचं नाव मी सांगितलं होतं. मी रडायला लागले.

"मला ठाऊक आहे सगळं," ती म्हणाली. "मी त्याच खोलीत होते. खिडकीला पट्टी मारली तेव्हा मीच शिडी धरली होती. बाकावर बसली असती, कान जोडत बसली असती, पण मीच म्हटलं, जा मशीनवर." मग आवाज न चढवता म्हणाली, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. दोघींचं ओझं मला नाही उचलवत."

बारकी गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती. सकाळची वेळ होती, मावशी तिचे केस विंचरत होती. मावशीनंच मला नंतर सांगितलं, एका वाक्यात. मग कधी तो विषय काढला नाही.

मी अहवाल लिहिला. खोलीत आणि शेडमध्ये जे जे काम करत होते त्या सगळ्यांच्या छातीच्या तपासण्या कराव्यात असं लिहिलं. मॅनेजर म्हणाले, "आता यंत्रच नाही, मग अहवाल कशाचा?" मी हट्ट धरला तेव्हा कारखान्याचे डॉक्टर येऊन गेले, पाठीला नळी लावून ऐकलं आणि तिघांच्या नावापुढे "जुना दमा" लिहून गेले. मी त्यांच्यासमोर उभी होते. म्हटलं, फिल्म काढा. ते म्हणाले, "गरज वाटली तर काढू." मी आणखी भांडायला हवं होतं. भांडले नाही. माझ्यात जे काही होतं ते त्या जिन्यातच संपलं होतं असं म्हणते मी, पण ती सबब आहे.

मावशी बाराव्या दिवशी परत कामावर आली. खोली पुन्हा तिच्या पद्धतीनं चालायला लागली, वाळवण, गालाला लावून बघणं, हौद. एक फरक होता. ती जमीन कायम ओली ठेवायची. कोणी टब आणून आपटला की ओरडायची. दिवसातून दहा-दहा वेळा खिडकीची चौकट, दाराची कडी, भिंतीचा कोपरा ओल्या फडक्यानं पुसायची. जिथे धूळ नव्हती तिथेही पुसायची. बायका आपसांत म्हणायच्या, मावशीचं डोकं फिरलं. माझ्याशी ती फक्त कामाचं बोलायची. "या टबात तुकडे ओले आहेत." "पाणी उद्या काढते." मी डबा घेऊन जाणं थांबवलं. तिनं बोलावलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग कारखान्यानं ठरवलं की मोडलेली कच्ची माती परत भिजवण्यापेक्षा नवी आणलेली सोपी पडते. हौद फोडले. राहिलेला गारा मागच्या खड्ड्यात ओतला. त्या दिवशी मावशी अंगणात उभी राहून बघत होती. मजूर म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, अंगावर उडेल." ती म्हणाली, "उडू दे." आणि थोड्या वेळानं आपली पिशवी घेऊन, कोणाला काही न सांगता निघून गेली. निरोप वगैरे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिची हजेरी कोणी मांडली नाही, इतकंच.

तिलाही खोकला होता. मला केव्हापासूनच ऐकू येत होता. दोन महिने मी तिच्या दारात जाऊन उभी राहायचे, शेवटी कंटाळून एकदा ती माझ्याबरोबर त्याच दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाई त्याच. फिल्म उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "आहे. पण मुलीइतकं नाही, हळू चाललंय. तुम्ही जपलंत तर अजून बरीच वर्षं काढाल."

"बरीच म्हणजे?" मावशीनं विचारलं.

"सात, आठ. दहासुद्धा."

मावशीचा चेहरा मी बाजूनं बघत होते. दवाखान्यातल्या त्या खोलीत बसून "वाचणार नाही" असं ऐकलेल्या कितीकांचे चेहरे डॉक्टरीणबाईंनी पाहिले असतील, पण हा त्यांनाही ओळखता आला नाही. त्या म्हणाल्या, "अहो, चांगली बातमी आहे."

"हो," मावशी म्हणाली. "दहा वर्षं."

परत येताना बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. बस यायला वेळ होता. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली, मला दिली. मला वाटलं, काही तरी सुटतंय, काही तरी सैल होतंय. मी बाटली हातात धरून बसले.

"आता येत जाऊ नकोस," ती म्हणाली.

"मावशी..."

"राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, निदान काही करता आलं असतं. पण तू आलीस की तुला बघून मला तेव्हाचं आठवतं, आपण तिघी डबा खायचो ते. तुझ्यामुळेच आठवतं, दुसऱ्या कोणाला बघून नाही. आणि मग ती रात्र जात नाही." ती थांबली, तिला दम लागला होता. "माझी एवढी एक गोष्ट ऐक."

मी ऐकली. बस आली, ती चढली, मी मागे राहिले.

मी नंतर कारखाना सोडला आणि त्याच गावात, दुसऱ्या टोकाला, एका कॉलेजात शिकवायला लागले. तिच्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर. कितीदा तिच्या बाजूची बस पकडून आधीच्याच थांब्यावर उतरले, परत फिरले. मला वाटायचं, तिनं मागितलेली ती एकच गोष्ट आहे, ती तरी मी द्यावी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तितकी वर्षं काही झाली नाहीत. चौथ्या वर्षी मला कळलं, तेही भाजीबाजारात, कान जोडणाऱ्या बायकांपैकी एकीकडून, आणि तेव्हा मावशीला जाऊन अकरा दिवस झाले होते. मी त्या घरी गेले. कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. ती नवी राहायला आली होती, मला ओळखत नव्हती. मी म्हटलं, कारखान्यातली आहे, त्यांच्याबरोबर काम करायचे.

"कारखान्यातल्या का?" ती म्हणाली. "शेवटच्या महिन्यात रोज विचारायच्या हो मला. सकाळी दार उघडलं की पहिलं तेच. कारखान्यातून कोणी येऊन गेलं का? मी म्हणायची, नाही आजी, कोणी नाही आलं."

"कोणी म्हणजे कोण?" मी विचारलं. "नाव सांगायच्या?"

शेजारणीनं आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "नाव नाही सांगितलं कधी."